चादरी मोजणारे

६ मार्च

धाकट्या,

आठ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. पाकीट हातात घेतल्यावर आधी वाटलं, कोणी गेलं की काय. आत बघते तर दोन ओळी खुशाली आणि तिसऱ्या ओळीला तू मुद्द्यावर. "ताई, आपली खाण कोणी मोठी कंपनी विकत घेणार अशी इकडे जोरदार चर्चा आहे. तू तर आतली माणूस. खरं काय ते कळव."

मी आतली माणूस कधीपासून झाले रे? मी खाणीच्या गेस्ट हाउसच्या चादरी-उश्या सांभाळते. पाहुण्यांना गरम पाणी मिळतंय का बघते. हीसुद्धा नोकरी मॅनेजरसाहेबांनी दया येऊन दिली, तुझ्या भाऊजींची गेली तेव्हा. त्यांची का गेली, हे तुला सांगायची गरज नाही.

तरी सांगते. घशात अडकलेलं एकदा बाहेर येऊ दे. भाऊजी खाणीचे सर्व्हेअर होते. तांब्याची शीर जमिनीखाली कुठून कुठे जाते ते मोजायचं आणि वर येऊन नकाशावर उतरवायचं, हे त्यांचं काम. आठ वर्षांपूर्वी तू आमच्याकडे आला होतास, त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, मला म्हणाले, तुला नव्हे, "खालच्या मजल्यावरची शीर आटत चाललीय गं." तू शेजारीच बसला होतास. मान खाली घालून जेवत होतास. आणखी वाढू का विचारलं तर नको म्हणालास, आणि सकाळी पहिल्या बसने "तातडीचं काम निघालं" म्हणून पसार झालास. त्याच आठवड्यात तुझ्या गिऱ्हाइकांनी आमच्या कंपनीचे शेअर धडाधड विकले. भाव कोसळला, चौकशी बसली. "बातमी कोणाला सांगितलीत?" असं यांना विचारलं. हे म्हणाले, "बायकोला." एवढंच. तुझं नाव घेतलं असतं तर तुझा दलालीचा परवाना गेला असता, म्हणून घेतलं नाही. आणि तू मूग गिळून बसलास. गावाने ठरवून टाकलं की आम्ही नवरा-बायकोने पैसे खाल्ले. केसाने गळा कापतात म्हणजे काय करतात, हे मला तेव्हा कळलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. कोणी खाण विकत घेत नाही. बोली नाही, बोलणी नाहीत, काही नाही.

तुझा विश्वास बसायचा नाही, हे मला माहीत आहे. मी खोटं बोलले की माझा आवाज चिरकतो, आणि ते तुला लहानपणापासून अचूक कळतं. म्हणूनच मी तुझे फोन घेत नाही. एक कर. कंपनीच्या नावे सरळ पत्र लिही की बातमी मी फोडली, भाऊजींचा काही दोष नाही, आणि ते माझ्याकडे पाठव. ते पत्र माझ्या हातात पडलं की त्याच दिवशी मी आपणहून तुला फोन करीन. जे असेल ते माझ्या तोंडून ऐक. तोवर कागदावर भागव.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

पार्सल पोचलं. स्वेटर चांगला आहे. मी तो गेस्ट हाउसच्या बॉयलरवाल्याला दिला. त्याला शोभतो.

पत्रात तू तीन ठिकाणी "रक्ताचं नातं" लिहिलं आहेस. मी मागितलेलं पत्र मात्र सापडलं नाही. खोक्याचा तळसुद्धा उचकटून पाहिला. शेवटी लिहितोस, "तुझं 'नाही' वाचलं. समजलं." काय समजलं, बाबा?

इथे सध्या करमणूक चालू आहे. गेस्ट हाउससमोरच्या चहाच्या दुकानात तुझ्या शहरातली चार-पाच माणसं येऊन बसलेली असतात. कडक इस्त्रीचे शर्ट, पायात धुळीत न चालणारे बूट. आधी मला वाटलं रस्ता मोजायला आलेत. मग चहावाल्याने सांगितलं, "ताई, ते तुमच्या चादरी मोजतात." बाजूच्या अंगणातली दोरी दुकानातून दिसते ना! जितक्या चादरी तितके पाहुणे, जितके पाहुणे तितकी बोलणी पुढे गेलेली. एवढी शिकलेली माणसं आणि धंदा हा. गेल्या आठवड्यात कपाटात ओल शिरली म्हणून मी सगळ्या चादरी एकदम धुवायला काढल्या. झालं. संध्याकाळी बॉयलरवाला रेडिओ ऐकून धावत आला, "ताई, आपल्या कंपनीचा भाव वाढला!" मी म्हटलं, वाढू दे, तू आधी ती बादली उचल.

भाव वाढला तसे मॅनेजरसाहेब घाबरले. त्यांनी फाटकावर नोटीस लावली. "कंपनीच्या विक्रीबाबत पसरलेल्या बातम्यांत काहीही तथ्य नाही." दुसऱ्या दिवशी भाव आणखी चढला. मी चहावाल्याला विचारलं, हे काय गौडबंगाल? तो म्हणाला, "अहो ताई, नाही म्हणतात म्हणजे आहेच. नसतं तर बोलले कशाला असते?"

मी तिथेच उभी राहिले. तुझं ते "समजलं" मला तेव्हा समजलं. त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी मला सपाटून भूक लागली. यांनी विचारलंसुद्धा, आज काय झालं तुला?

असो. तू विचारलंस म्हणून पुन्हा लिहिते. नाही. कोणी येत नाही. पत्राची वाट बघते आहे.

ताई

९ एप्रिल

धाकट्या,

शेअर घ्यायला राहतं घर गहाण टाकलंस? आणि बायकोला सांगितलं नाहीस, मला सांगतोस! मी काय करू त्याचं? शाबास म्हणू?

तू विचारलेली नवी हेल्मेटवाली तीन माणसं आली होती, हे खरं आहे. दोन रात्री राहिली. एकाला उशी जाड लागत होती, एकाला पातळ, आणि तिसरा इतका घोरायचा की बाकीचे दोघे सकाळी एकमेकांशी बोलत नव्हते. ते कशाला आले होते तेही सांगते. खालच्या मजल्यावरचे पंप भंगारात काढले तर किती येतील, हे बघायला. कंपनी खालचे मजले सोडून देणार आहे.

आता तूच विचार कर. बाबांनी जन्मभर ते पंप चालवले. पंप थांबला की पाणी चढतं आणि पाणी चढलं की खाण संपली, हे आपण चालायला लागायच्या आधी शिकलो. बाबा आजारी असले तरी अंथरुणातून कान देऊन ऐकायचे, पंपाचा आवाज चालू आहे ना. जो खाण विकत घेणार तो पंप विकायला काढेल का? पण तू आता मोठा माणूस. चहाच्या दुकानातल्या तुझ्या मित्रमंडळींनी म्हणे असा तर्क लढवलाय की पंप काढतात ते नवे बसवण्यासाठी. छान आहे तर्क. असेच लढवत राहा.

आणखी एक गोष्ट झाली. काल हे भाजी आणायला गेले होते. (गेस्ट हाउसची भाजी तेच आणतात. पिशवी घेऊन जायचं, पिशवी घेऊन यायचं, गावात कोणी बोलत नाही.) दुकानात पंपावरचा मुकादम भेटला. आठ वर्षं तो यांना बघून रस्ता बदलायचा. काल जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर्व्हेअरसाहेब, आम्हाला बोनसच्या बदली दिलेले शेअर आहेत. आता भाव आलाय. ठेवावेत की विकावेत?" हे म्हणाले, "विका. कोणी येणार नाही." मुकादम म्हणाला, "तुम्ही सांगता म्हणजे झालं. तेव्हासुद्धा तुमचंच खरं निघालं होतं." घरी येऊन यांनी हे मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना डोळे पुसले. मी भाजी निवडत बसले. मला त्या वेळी तुझा इतका राग आला की हातातली जुडी मोडली.

तुझं गहाण टाकल्याचं पत्र यांनी वाचलं. म्हणाले, "त्याला स्पष्ट लिही." मी म्हटलं, स्पष्टच लिहिते दर वेळी. ते म्हणाले, "मग मी लिहितो." मी पेन दिलं. अडवलं नाही. खालची ओळ त्यांची आहे.

ताई

बाबा रे, ताई लिहिते ते अक्षरशः खरं आहे. आजच्या आज विकून मोकळा हो. तुझ्या पोरांचा विचार कर. भाऊजी.

२ मे

धाकट्या,

"भाऊजी मला बाहेर काढून स्वतः घ्यायला बघतात, एवढं मला कळतं." हे तुझं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं नाही. पानच त्यांच्या हाती दिलं नाही. म्हटलं, धाकट्याने खुशाली विचारली आहे.

तू मंगळवारी आला होतास ना? नाही म्हणू नकोस. मी तुला पाहिलं. गेस्ट हाउसच्या माडीवर चादरींची खोली आहे, तिच्या खिडकीतून समोरचं दुकान दिसतं. तू कोपऱ्यातल्या बाकावर होतास. टक्कल पडायला लागलंय. बाबांसारखंच, मागून. ते पाहून माझं काळीज हललं. खोटं कशाला सांगू? वाटलं, पायऱ्या उतरून जावं, दंडाला धरून घरी आणावं, आधी दोन वाजवाव्यात आणि मग जेवायला वाढावं. मी जिन्यापर्यंत गेलेही होते.

तेवढ्यात हे रस्त्याने आले. हातात पिशवी. तुझ्या समोरून, हात लांब केला असतास तर लागला असता, इतक्या जवळून गेले. आणि तू पेपर उघडून तोंडासमोर धरलास.

पेपर धरलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिलंही नाही. खाली बघून चालायची सवय लागलीय त्यांना. ते गेल्यावर तू पेपर खाली घेतलास, मान उंच केलीस आणि दोरीकडे बघून बोटाने मोजायला लागलास. दोरीवर दोन चादरी होत्या. तू दोनदा मोजलंस, जणू दोनाच्या चार होतील.

मी परत वर गेले. थोड्या वेळाने तू मोजल्यास तेव्हा दोरी भरली होती. अंगणाच्या कुंपणावरही चादरी होत्या. तुझा चेहरा इथून दिसला मला. लहानपणी पाहुण्यांनी खाऊ आणला की व्हायचा तसा झाला होता. तू चहाचे पैसे टाकून जवळजवळ पळतच गाडीकडे गेलास.

पाहुणे किती होते ते विचारू नकोस. विचारायचं असेल तर अट तीच आहे. पत्र पाठव, फोन करीन.

ताई

२८ मे

धाकट्या,

हे शेवटचं पत्र. सावकाश वाच, आता तुला घाई कसलीच नाही.

तू आलास त्या मंगळवारी गेस्ट हाउसमध्ये एकही पाहुणा नव्हता. सकाळी दोरीवर होत्या त्या दोन चादरी आम्ही स्वतः वापरतो त्या. बाकीच्या मी कपाटातून धुतलेल्या, घडी केलेल्या काढल्या, बादलीत बुडवल्या आणि बाहेर टाकल्या. बॉयलरवाला म्हणाला, ताई, डोकं फिरलं का? मी म्हटलं, हो. तोवर तुला लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. खरं सांगूनही माणसाला खड्ड्यात घालता येतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. फक्त त्या दिवशी मला धीर धरवला नाही.

मग तुझं पत्र आलं. कंपनीच्या नावे, तुझ्या सहीचं. "बातमी मी फोडली. माझ्या भाऊजींना त्याची कल्पना नव्हती. त्यांनी माझं नाव लपवून माझा धंदा वाचवला." आठ वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते तू लिहिलंस, आणि चांगलं लिहिलंस, एकही शब्द चोरला नाहीस. सोबत माझ्यासाठी चिठ्ठी. "मी माझं केलं. आता फोन कर. विकू की थांबू?" क्षमेचा एक शब्द असता तर कदाचित पुढचं झालं नसतं. कदाचित झालंही असतं. मला माझी खात्री नाही.

मी पत्र मॅनेजरसाहेबांकडे नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि यांना बोलावून घेतलं. यांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आता मी काय करू शकतो? ऑफिसच बंद व्हायचंय. पण आमची चूक झाली." हे बाहेर आले तेव्हा ताठ चालत होते. घरी येताच मला म्हणाले, "त्याला फोन कर. शब्द दिला आहेस. अजून वेळ गेलेली नाही."

मी गेस्ट हाउसच्या फोनवरून फोन लावला. तू पहिल्याच घंटीला उचललास. "ताई? ताई, बोल ना." माझ्या तोंडात शब्द तयार होते. नाही, वेड्या, विकून टाक. तेवढं म्हटलं असतं तर तू आवाज ओळखला असतास. त्या दिवशी भाव टिकून होता. घर सुटलं असतं, थोडं वरही उरलं असतं. तू पुन्हा म्हणालास, "ताई, आहेस ना?" मी होते. तुझा श्वास ऐकत होते. मग ठेवून दिला.

तू आठ वर्षं गप्प बसलास. मी अर्धं मिनिट.

मागच्या आठवड्यात तुझं कार्ड आलं, खाण बंदची नोटीस लागायच्या आदल्या दिवशी टाकलेलं. "तू बोलली नाहीस. शेजारी कोणीतरी होतं, मी समजलो. आणखी घेतले." वाचून मी हसले.

नोटीस तू वाचली असशीलच. खाण बंद. खालचा पंप थांबवला त्या दुपारी मुकादम आमच्याकडे येऊन बसला. पंपाचा आवाज नसताना गाव कसं लागतं ते मला लिहिता येत नाही. चहा पिता पिता तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलंत म्हणून सगळ्यांनी वेळेवर विकले. कोण येडा घेत होता कुणास ठाऊक, पण आमची वर्ष-दोन वर्षांची सोय झाली." हे म्हणाले, असेल कोणी शहरातला. मुकादमाचे शेअर तूच घेतलेस हा हिशेब त्यांच्या मनातही येत नाही. तुझं घर आता मुकादमाच्या पोरीच्या फीमध्ये आहे, बॉयलरवाल्याच्या नव्या छपरात आहे. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. तुझ्या पोरांचं वाटतं.

हे सगळं तुला का लिहिते? तुझं वाटोळं झालं आणि ते नशिबाने झालं असं तू समजत राहिलास, तर मग मला काय मिळालं? नशिबाने नाही झालं. मी केलं. तुला ठाऊक असायला हवं.

आता राहिलं एकच. फोन करून मी घरी गेले तेव्हा यांनी विचारलं, "सांगितलंस? काय म्हणाला?" मी म्हटलं, "सांगितलं. बघतो म्हणाला." माझा आवाज चिरकला, पण ते कधी असं काही ऐकत नाहीत. खाण बंद झाल्यावर तू बुडालास एवढंच मी त्यांना कळवलं. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतात, "एवढा त्रास सोसूनही हिने भावाला वेळेवर सावध केलं. त्यानेच ऐकलं नाही." लोक माझ्याकडे बघून मान डोलावतात. रोज.

ते आत्ता दारात उभे आहेत. कोणाला लिहितेस विचारलं. तुझं नाव सांगितलं. म्हणाले, "त्याला लिही, लाज बाळगू नकोस, बायको-मुलांना घेऊन सरळ इकडे निघून ये. दोन खोल्या आहेत, भागवून घेऊ." त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं.

आलास तर पहिल्याच दिवशी ते तुझ्यासमोर म्हणतील, हिने तुला सांगितलं होतं रे, ऐकायचं होतंस. मी तिथेच असेन. हे पत्र तुझ्या खिशात असेल. तेव्हा तू काय करतोस ते मला बघायचंय. ये.

ताई